नमुन्याची जागा

५ तारीख, गुरुवार

टिल्लू,

रागावू नकोस, पण बाळाचा बाप्तिस्मा पुढे ढकल.

बघ, लिहून मोकळी झाले. आधी खुशाली विचारायची आणि मग मुद्द्यावर यायचं, हे मला जन्मात जमलं नाही. फोनवर मी सुरू झाले की तू ठेवून देतोस. "जे काय असेल ते लिहून पाठव, निदान वाचताना मधे थांबता येतं," हे तुझंच वाक्य. झऱ्याचं फाटक सांभाळणारे किल्लीवाले चाचा नव्या चष्म्यासाठी तुझ्या दुकानात यायचेच आहेत, त्यांच्या हाती देते.

कारणं सांगते. गारठा आहे. कुंडातलं पाणी या दिवसांत हाडात शिरतं, आणि तुमच्या चर्चमध्ये नुसतं शिंपडत नाहीत, अख्खं बाळ बुडवतात. पोरगी सातव्या महिन्यात जन्मली, आत्ता कुठे बाळसं धरतेय म्हणे. हेही मला चाचांकडून कळतं, कारण सख्ख्या आत्यानं तिला अजून पाहिलेलं नाही. आणि घाई कसली आहे रे एवढी? तुमचा देव काय घड्याळ लावून बसलाय? थंडी सरली की करा. नाहीतर घरी कोमट पाण्याचे चार थेंब डोक्यावर घाला, तसंही करतात बऱ्याच चर्चमध्ये.

झऱ्यावर सगळं जसंच्या तसं आहे. वर दगडी तोंडातून धार पडते तिथे आईसारख्या बायका हात जोडून तांबे भरतात. खालचं कुंड तुमच्या बाळांचं. कुंडातून पाट निघतो त्यावर मशिदीतली माणसं नमाजाआधी हातपाय धुतात. लहानपणी आपण तिन्ही ठिकाणी हुंदडलो आणि तिन्ही ठिकाणी ओरडा खाल्ला.

आई बरी आहे. रोज सकाळी वरच्या तोंडाचं पाणी आणते, आधी देवाला, मग चहाला. तुझा विषय निघाला की भांडी आपटते, म्हणजे कान तिकडेच असतात.

आणि हो, झऱ्याच्या फाटकावर लावलेला तो माझ्या सहीचा कागद फार मनावर घेऊ नकोस. "पाणी पिण्यास व स्नानास योग्य" असं आम्ही लॅबवाले शंभर ठिकाणी लिहितो. महिन्यापूर्वीचा कागद आहे तो. पाणी काय, आज एक, उद्या एक.

एवढं ऐक माझं.

ताई


९ तारीख, सोमवार

टिल्लू,

चार ओळी! मी दोन पानं लिहिली आणि तू चार ओळी पाठवल्यास. त्याही अशा, की मी लॅबमध्ये वाचल्या आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, कुणी गेलं का?

"ताई, आई बोलतेय आणि तू लिहितेयस, एवढं मला कळतं. तीन वर्षांत तू माझ्यासाठी केलेली एकच गोष्ट म्हणजे तो कागद. त्याची प्रत मी फ्रेम करून भिंतीवर लावली आहे. पंधरा तारीख बदलणार नाही."

अरे, तो कागद मी तुझ्यासाठी नव्हता केला. तुमच्या पास्टरांनी, पुजाऱ्यांनी आणि इमामसाहेबांनी मिळून अर्ज दिला होता, साहेबांनी माझ्या टेबलावर टाकला, मी तपासणी केली. संपलं. त्याला फ्रेम कसली करतोस? चष्म्याच्या काचा घासून घासून तुझी स्वतःची नजर गेली का?

आणि आई माझ्या तोंडून बोलत नाही. आईला तर यातलं काही माहीतच नाही. तिला मी एवढंच म्हटलं, झऱ्याचं पाणी पुन्हा तपासायला हवं. तर म्हणाली, "आईची कधी तपासणी करतात का गं?" पुजारी शेजारीच होते. त्यांनी मान डोलावली, वाहत्या पाण्याला विटाळ नसतो म्हणाले. त्या दोघांपुढे मी काय बोलणार, डोंबल?

तुला ते भांडण आठवत असेलच. तू लग्नाचं सांगायला आला होतास, आईनं आधी झऱ्याला नमस्कार करून ये म्हटलं, आणि तू म्हणालास, "पाणी देव नाही आई, देवानं केलेलं आहे." तेवढ्यावरून घर फुटलं. मी आईची बाजू घेतली आणि तुझ्या लग्नाला आले नाही. आता वाटतं, दोघंही त्या पाण्याला जीवच लावत होतात, तर भांडण नक्की कशाचं होतं? पण त्या दिवशी मला हे सुचलं नाही, आणि नंतर कबूल करायला तोंड नव्हतं.

चाचांची एक गोष्ट सांगते. गेल्या मंगळवारी ते मला फाटकाशी थांबवून म्हणाले, "पोरी, पाटाच्या पाण्याला वास येतोय." मी म्हटलं, पानं कुजली असतील. त्यांनी वाद घातला नाही. पण दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांच्या लोकांसाठी परडीत स्वच्छ कोरडी माती ठेवलेली. पाणी नसेल किंवा त्यानं अपाय होणार असेल, तर मातीवर हात ठेवून तोंडावर, हातांवर फिरवायचे, तेवढ्यानं शुद्धी होते, असं त्यांच्याकडे आहे. मी विचारलं, एवढ्याशा वासावरून? तर म्हणाले, "पाणी आपलं नाही, ठेव आहे. नदीकाठी बसलो तरी सांडायचं नाही, असं आम्हाला लहानपणीच शिकवतात. ठेवीला काही झालं तर आधी हात बाजूला घ्यायचा."

म्हणून मी दुसरा नमुना लावलाय. निकाल यायचाय. तोवर थांबायला काय हरकत आहे? ही आईची नव्हे, माझी विनंती आहे. हात जोडते.

ताई

ता. क. तुमच्या चर्चमधल्या त्या स्कूल बसच्या ड्रायव्हरचं बाळ कसं आहे? एक तारखेला त्याचाच बाप्तिस्मा झाला ना? सहज विचारलं.


१२ तारीख, गुरुवार

टिल्लू,

उत्तर नाही आलं. चाचा म्हणाले, तू पाकीट घेतलंस आणि ड्रॉवरमध्ये टाकलंस. हे पत्र मात्र तू उघडेपर्यंत त्यांनी दुकानातून हलायचं नाही, असं सांगून ठेवलंय.

ते सहज नव्हतं. मी तुला काहीच सरळ सांगितलेलं नाही, आता सांगते.

सोमवारी "निकाल यायचाय" असं लिहिलं तेव्हा निकाल माझ्या टेबलावर होता. शनिवारीच आला होता. कुंडाच्या पाण्यात मैल्यातले जंतू आहेत. थोडेथोडके नाहीत, मोजायचे सोडून द्यावे इतके. वरच्या अंगाला जी नवी खानावळ झाली, तिच्या संडासाची टाकी फुटलीय आणि ती कुंडाच्या भिंतीतून पाझरतेय. पास्टरांनी, पुजाऱ्यांनी, कुणीही मुद्दाम काही केलेलं नाही.

आता तो कागद. नियमाप्रमाणे नमुना कुंडाच्या मध्यातून घ्यायचा असतो, हातभर खोलीवरून, कारण माणसं तिथे उतरतात. त्यासाठी गमबूट घालून पाण्यात शिरावं लागतं. बूट लॅबनं दिलेत, माझ्या पिशवीत होते. मी काठावर उभी राहिले आणि पाय उचलेना रे. आईनं कसं शिकवलंय, आठव. आईच्या अंगावर पाय देतात का? तोंडाचं पाणी घ्यायचं, हात जोडून, चप्पल लांब काढून. मी चप्पल काढली. नमस्कार केला. बाटली वरच्या तोंडाच्या धारेखाली धरली आणि घरी आले. वीस वर्षं जंतू मोजणारी बाई! वरची धार खडकातून येते, ती स्वच्छच आहे, आजही आहे. फॉर्मवर "नमुन्याची जागा" असा रकाना असतो. त्यात मी नुसतं "झरा" लिहिलं आणि सही ठोकली.

दुसरा नमुना घेताना मात्र उतरले. डोळे मिटून उतरले, पण उतरले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्या पाण्यातले जंतू वाढवलेली बशी दाखवली. त्या जैन आहेत, घरात पाणी गाळून, उकळून पितात. मी त्यांना नेहमी चिडवायचे. त्या म्हणाल्या, "पाण्यात जीव असतात हे तुम्ही यंत्रानं बघता, तरी गाळायला विसरता." मला राग आला.

साहेबांना मंगळवारी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, झऱ्याच्या समितीत तिन्ही धर्मांची माणसं आहेत, एकदम बंद केला तर दंगा होईल, सोमवारी सोळा तारखेला बैठक घेऊ आणि "नियमित दुरुस्ती" म्हणून कुलूप लावू. तुमची नोकरीही वाचेल. मी हो म्हटलं.

आणि बाहेर काय चाललंय माहितीये? मशिदीतली माणसं पाटावर येईनाशी झाली हे लोकांच्या लक्षात आलंय. परवा भाजीवालीकडे ऐकलं, "त्यांना आधी कसं कळलं? त्यांनीच काहीतरी टाकलं असणार." चाचांनी चाळीस वर्षं ते कुंड घासलं. काल कुणीतरी त्यांच्या फाटकावर शेण फेकलं. ते पुसून आले आणि माझ्याकडे चहा प्यायले.

ड्रायव्हरचं बाळ जुलाबांनी आजारी आहे. दोनदा सलाईन लावून बरं झालं, दोनदा घरी नेलं आणि दोनदा परत आजारी पडलं. आईबाप घरचं पाणी उकळून पाजतात, तरी का पडतं हे डॉक्टरांना कळत नाही. बुडवताना पोटात गेलेलं पाणी एवढे दिवस कसं टिकलं, हे मलाही कळत नाही. पण सुरुवात कुठून झाली ते मला ठाऊक आहे.

तर ऐक. रविवारी पोरीला घेऊन जाऊ नकोस. ताप आलाय म्हण. कुणाला काही सांगू नकोस, तुझ्या बायकोलाही नाही. सोमवारी कुलूप लागेल आणि सगळं निभावेल. माझी तीन वर्षं राहिलीत पेन्शनला, आईचं औषधपाणी माझ्यावर आहे. हे पत्र फाडून टाक.

तुझ्या पाया पडते. मोठी असून पडते.

ताई


१३ तारीख, शुक्रवार

ताई,

पत्र फाडलेलं नाही. बायकोला वाचून दाखवलं. ती रडली, मग म्हणाली, कागद भिंतीवरून काढ. काढला.

तू चप्पल काढलीस ते वाचून मला तुझा राग आला नाही. मीही काचेचं ड्रिल सुरू करण्याआधी नकळत त्याला हात लावून कपाळाला लावतो, आणि मग पास्टर बघत नाहीत ना ते बघतो. आपण दोघंही आईचीच पोरं.

पण पुढचं वाचून आला. रविवारी तीन बाळं आहेत, ताई. एक माझं. एक गवंड्याचं. एक त्या शिलाईवाल्या बाईचं, तिला नवरा नाही. तू तीन पानांत एकाच बाळाचं लिहिलंस. माझ्या पोरीला ताप आला म्हणून मी घरी बसायचं आणि ती दोन तिथे बुडताना बघायची नाहीत म्हणून खिडकी लावायची, असं का? आणि चाचांनी शेण पुसत राहायचं?

रविवारी सकाळी नऊला मी तुझं पत्र कुंडाच्या पायरीवर उभा राहून वाचणार आहे. तू स्वतः येऊन सांगितलंस तर वाचणार नाही. त्याआधी कुणाला बोलणार नाही, एवढी संधी तुझी.

मुलगी तुझ्यासारखी आहे. भूक लागली की आधी ओरडते, मग रडते.

टिल्लू


१५ तारीख, रविवार, दुपार

टिल्लू,

तिथे तुझ्याशी बोलता आलं नाही. तू पलीकडच्या पायरीवर, मी पाण्यात, आणि मधे एवढी माणसं. काही गोष्टी तुला तिकडून दिसल्या नसतील, ऐकू आल्या नसतील, म्हणून लिहितेय.

काल दिवसभर मी तुला शिव्या घातल्या. मोठ्या बहिणीला धमकी देतो, म्हटलं, हेच शिकला का तिकडे जाऊन? आईला सांगितलं, मला बरं नाही, उद्या झोपून राहणार. आज सकाळी आई तांब्या घेऊन निघाली आणि मी गादीवर पडून तिच्या चपलांचा आवाज ऐकत राहिले. मग उठले. धाडस वगैरे नव्हतं. तुझं वाचन आईनं ऐकावं आणि मी तिथे नसावं, ही कल्पनाच सहन होईना.

साडेआठला पोचले. गमबूट फाटकापाशी चढवले आणि सरळ कुंडात उतरले, कारण काठावर थांबले असते तर बोलले नसते. आई वरून किंचाळली, "पाय काढ आधी! वेड लागलं का तुला?" तेवढं तू ऐकलं असशीलच, पार रस्त्यापर्यंत गेलं ते.

मी काय बोलले ते तुला माहीत आहे. मला धड आठवत नाही. पुजारी मधेच म्हणाले, वाहतं पाणी, तर मी ओरडले, "कुंडातलं वाहत नाही गुरुजी, साचतं!" मागून कुणीतरी विचारलं, "कुणी शिकवलं तुम्हाला हे बोलायला?" आणि सगळे चाचांकडे बघायला लागले. मी म्हटलं, "यांनी बारा दिवसांपूर्वी मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. चूक माझी, सही माझी, जागा मी चुकीची घेतली." चाचा खाली बघत होते. तुमचे पास्टर पायऱ्या उतरून आले आणि चाचांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांचे उपकार झाले. नाहीतर आज काहीही झालं असतं.

आणि आई. तुला वाटलं असेल ती रागानं निघून गेली. नाही. ती माझ्यापाशी खाली आली, अगदी पाण्याच्या काठाला, आणि समोरच्या बायकांना म्हणाली, "हिला पाय घालू नकोस म्हणून मीच शिकवलं. हिच्या एकटीच्या माथी मारू नका." मला आयुष्यात आईनं कधी असं पाठीशी घातलेलं नाही. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "वरचं तरी चांगलं आहे ना गं?" मी हो म्हटलं. ती तांब्या घेऊन वर चढली, तेव्हा तुझ्या बायकोजवळ थांबली. तिनं दुपटं बाजूला केलं असावं. आई किती वेळ वाकून बघत होती! काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, तू सांग.

आता मुख्य सांगायचं ते.

लोक पांगत होते. मी बाहेर पडायला काठाशी आले तर तिथे एक बाई उकिडवी बसलेली, हातात प्लास्टिकची छोटी बाटली, अर्धी भरलेली. मी यायच्या आधीपासून ती तिथे असावी. मी म्हटलं, "बाई, हे नेऊ नका, ऐकलंत ना?" तिनं वर पाहिलं आणि मी ओळखलं. ड्रायव्हरची बायको. म्हणाली, "बाळासाठी नेते. रोज नेते. चमचाभर पाजते, कपाळाला लावते."

मी विचारलं, "उकळून?"

"घरचं उकळते," ती म्हणाली. "हे कसं उकळायचं? हे तर इथलं."

रोज, टिल्लू. दवाखान्यात बरं व्हायचं, घरी आणलं की ती चमचा पाजायची आणि बाळ परत पडायचं. आणि मी इकडे कोड्यात पडले होते की जंतू इतके दिवस टिकले कसे. सोमवारपर्यंत थांबले असते तर आजचा चमचाही गेला असता, उद्याचाही. आणि "नियमित दुरुस्ती"चं कुलूप लागलं असतं तरी तिच्या घरात भरलेल्या दोन बाटल्या होत्याच. त्या तिनं वाईट दिवसांसाठी राखून ठेवल्यात.

याच पाण्यानं बाळ आजारी पडतंय, हे मी सांगितलं तेव्हा तिनं बाटलीचं झाकण लावलं. नीट, घट्ट लावलं. मग विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

शंका बुधवारी आली होती आणि खात्री शनिवारी झाली होती. शंका आणि खात्री यांत मी वीस वर्षं अहवालांमध्ये फरक करत आले, ओठांवर आलाही होता. तिच्यासमोर करवेना.

"अकरा दिवस," मी म्हणाले.

ती हात उचलेल असं वाटलं. मी मान खाली घालून उभी होते, मनात म्हटलं, मार एकदाची. तिनं मारलं नाही. बोटांवर मोजले तिनं दिवस, ओठ हलत होते, कोणत्या दिवशी किती चमचे ते मोजत होती बहुतेक. मग बाटली माझ्या हातात दिली.

"डॉक्टरांना मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "मी पाजलं असं कसं सांगू? तुम्ही सांगा."

म्हणून मी दवाखान्यात आहे. बाकावर बसून लिहितेय, बूट अजून पायातच आहेत, नर्स दोनदा फरशीकडे बघून गेली. आत बाळाचा आवाज येतोय, बारीक आहे पण येतोय. ड्रायव्हर दाराशी उभा आहे आणि माझ्याकडे बघत नाही. बायको माझ्या शेजारी बसली आहे, तिला बसायला दुसरी जागा होती.

डॉक्टर आले. मला आत बोलावतायत.

ताई